दम, मैदान आणि वेळ : मराठीतील क्रीडा-परिचयपर लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा निश्चित केला, त्यात आरोग्य व निरामयता, योग, क्रीडा आणि शारीरिक सुदृढता या विषयांना सह-अभ्यासक्रम म्हणून स्थान मिळाले. एके काळी जिमखान्याच्या खोलीपुरता आणि स्नेहसंमेलनाच्या आठवड्यापुरता असलेला हा विषय त्यामुळे वेळापत्रकात, मूल्यमापनात आणि गुणपत्रिकेत आला. ही घटना निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र एखादा विषय वर्गात आला की त्याच्या पाठोपाठ त्याचे पुस्तकही येते, आणि पुस्तकाबरोबर त्या विषयाची एक ठरीव भाषा येते. सुदृढतेची व्याख्या, तिचे घटक, निरामयतेची परिमाणे आणि शेवटी 'विविध खेळांचा परिचय' असा या पुस्तकांचा साचा सर्वांच्या ओळखीचा आहे. परिचय म्हणजे मैदानाची मापे, खेळाडूंची संख्या, नियम, पंचांच्या खुणा आणि क्रीडा पुरस्कारांची यादी.

प्रस्तुत लेखात या लेखनाकडे उपयुक्त माहिती म्हणून न पाहता वाङ्मयाचा एक प्रकार म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हे लेखन कोणाला उद्देशून केलेले आहे, त्याच्या डोळ्यांपुढे कोणता विद्यार्थी आहे आणि ते कशाविषयी मौन पाळते, हे येथील प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, या लेखनातील विद्यार्थ्याला उंची आणि वजन असते. पण त्याला गाव, काम आणि हवा नसते. हे प्रतिपादन तपासून पाहण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेला लोटे परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे. भातशेती, रासायनिक कारखाने, रात्रपाळी, मुंबईकडे लागलेले डोळे आणि शिमग्याची पालखी हे सर्व येथे काही मैलांच्या परिघात एकत्र आढळते. सुदृढतेचा कोणताही सिद्धान्त येथे लागू पडतो की नाही, हे पाहिल्यास त्याची खरी परीक्षा होते.

बलोपासनेपासून निरामयतेपर्यंत :

मराठीतील शरीरविषयक लेखनाची परंपरा समृद्ध आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, तेव्हापासून ही विद्या प्रामुख्याने गुरुमुखातून चालत आली. विसाव्या शतकात ती छापील पानावर आली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्य मानले, आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले आणि त्यावर पुस्तक लिहिले. त्यांची ही पद्धत १९३८ साली इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने इंग्लंडपर्यंत गेली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली, तर पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम या दोन्ही संस्था १९२४ साली स्थापन झाल्या. या सर्व चळवळीचा वाङ्मयीन कळस म्हणजे बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झालेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' होय. एका प्रादेशिक भाषेत केवळ व्यायाम या विषयावर दहा खंड निघावेत, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे.

या काळातील लेखनाचा नायक देशभक्त आहे. दुर्बल शरीर हे पारतंत्र्याचे एक कारण आणि बलोपासना हे त्यावरील औषध, अशी त्यामागची धारणा होती. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालविले, ही हकिगत पुढील पिढ्यांना पुन्हा पुन्हा सांगितली गेली ती याच कारणासाठी. स्वातंत्र्यानंतर देशभक्ताची जागा शिस्तबद्ध नागरिकाने घेतली. कवायत, संचलन, राष्ट्रीय छात्रसेना आणि शालेय शारीरिक शिक्षण यांची भाषा ही या नागरिकाची भाषा आहे. एकविसाव्या शतकात 'निरामयता' हा शब्द रुळला. १९६१ साली अमेरिकेत हॅल्बर्ट डन यांच्या पुस्तकाने प्रचारात आणलेली ही कल्पना मुळात व्यक्ती आणि तिचा परिसर यांच्या नात्याविषयी होती. आपल्याकडे मात्र ती व्यायामशाळेचे मासिक शुल्क, आहारपूरके आणि मनगटावरील पावले मोजणारे यंत्र यांच्या संगतीत आली. तिचा नायक ग्राहक आहे.

देशभक्त, नागरिक आणि ग्राहक या तिघांमध्ये एक साम्य आहे. तिघेही आपले शरीर घडविण्यासाठी मोकळे आहेत, असे गृहीत धरलेले आहे. ज्याचे शरीर दिवसभर दुसऱ्याच्या कामी लागलेले आहे असा कामगार, गुडघाभर चिखलात भातलावणी करणारी स्त्री किंवा खाडीत होडी वल्हवणारा भोई या परंपरेच्या मध्यवर्ती कधीच आला नाही. तो प्रेक्षकांत असेल. पुस्तकाच्या पानावर नाही.

'परिचय' कशाचा? :

आता खेळांच्या परिचयाकडे वळू. कबड्डीचे उदाहरण घेतल्यास पाठ्यपुस्तक सांगते की, पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद. मैदानात प्रत्येकी सात खेळाडू. चढाई ३० सेकंदांची. सर्व गडी बाद झाल्यास लोण आणि त्याचे दोन गुण. ही माहिती अचूक आणि आवश्यक आहे. पण तिच्यातून खेळाचा परिचय होतो का?

याच खेळाचे तीन प्रकार पूर्वी प्रचलित होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होऊन मैदानात येतो. गामिनीत बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये गडी बाद होऊनही मैदानातच राहतो. फक्त प्रतिपक्षाला गुण मिळतो. चूक झालेल्या खेळाडूचे काय करायचे, या एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे आहेत, आणि आजचा खेळ संजीवनीच्या उत्तरावर उभा आहे. आपल्या सवंगड्याने पकड केली तर मला पुन्हा खेळता येईल, हे तत्त्व सांघिकतेवरील चार परिच्छेदांपेक्षा विद्यार्थ्याला अधिक शिकवते. परिचयपर लेखनात मात्र हे प्रकार आलेच तर एका ओळीत, 'जुने प्रकार' म्हणून येतात.

नियम कोणी आणि का बांधले, हेही तेथे येत नाही. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधण्यात पुढाकार घेतला. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३-२४ च्या सुमारास हुतुतू आणि खो-खोच्या नियमांना छापील रूप दिले. गावोगावी वेगवेगळ्या तऱ्हेने खेळल्या जाणाऱ्या खेळाला एक माप मिळाले, म्हणून त्याच्या स्पर्धा होऊ शकल्या. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, कबड्डी १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. हा प्रवास नियमबद्धतेशिवाय अशक्य होता. तेव्हा मापे गौण आहेत, असे येथे म्हणावयाचे नाही. माप हा निर्णय आहे, त्यामागे माणसे आणि गरजा आहेत, हे विद्यार्थ्याला कळावे एवढीच अपेक्षा आहे.

हीच गोष्ट सुदृढतेच्या चाचण्यांची. हार्वर्ड पायरी चाचणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिद्ध झाली. केनेथ कूपर यांची १२ मिनिटांची धाव १९६८ साली अमेरिकी हवाई दलातील जवानांवरील अभ्यासातून पुढे आली. या चाचण्या उपयुक्त आहेत, परंतु त्यांच्यामागे तरुण आणि पोटभर जेवणाऱ्या सैनिकाचे शरीर आहे. शरीर-वस्तुमान निर्देशांकाची मर्यादाही सर्वत्र सारखी नाही. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी भारतीयांसाठी अतिवजनाची सीमा २५ ऐवजी २३ वर आणली, कारण आपल्याकडे कमी वजनातही चरबीचे प्रमाण अधिक आढळते. माप कोणाच्या शरीरावरून घेतले आहे हे न सांगता त्याचे कोष्टक देणे म्हणजे विद्यार्थ्याला निष्कर्ष देऊन पुरावा दडविण्यासारखे आहे.

मैदान : कोकणची जमीन आणि कोकणचे खेळ :

कोकणात सपाट जमीन दुर्मीळ आहे. डोंगरउतार, कातळाचे सडे आणि मधल्या खोलगट भागात भाताचे कुणगे अशी येथील भूरचना. चारशे मीटरच्या धावपट्टीला लागणारे मैदान बहुतेक गावांत मिळत नाही. जांभा फोडून ते करावयाचे तर खर्च मोठा. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस. अशा प्रदेशात कबड्डीचे १३ बाय १० मीटरचे आणि खो-खोचे २७ बाय १६ मीटरचे मैदान कापणी झालेल्या एखाद्या शेतात सहज बसते. कोकणात हे दोन खेळ रुजले याची कारणे अनेक असतील. त्यांतील एक कारण जमिनीत आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. पाठ्यपुस्तकातील मैदानाची आकृती पांढऱ्या कागदावर असते. तिच्याखाली माती नसते. लोट्याच्या विद्यार्थ्याला तीच आकृती आपल्या गावातील कोणत्या जागेत बसेल, हे मोजावयास सांगितले तर मापाला अर्थ येतो.

जमिनीप्रमाणेच भाषेचाही विचार व्हावयास हवा. कोकणात 'खेळे' हा शब्द शिमग्यातील नमन-खेळ्यांसाठी वापरतात. देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचविणारे, मृदंगाच्या तालावर गावोगाव फिरणारे गडी 'खेळे' म्हणून ओळखले जातात. गौरी-गणपतीच्या दिवसांत पायांत चाळ बांधून रात्र रात्र वर्तुळात नाचली जाणारी जाखडी, शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा सामना, ही सर्व कला म्हणून नोंदली जातात आणि सांस्कृतिक विभागाकडे जातात. पण पावलांचा समन्वय, तोल, दीर्घकाळ टिकणारा दमदारपणा ही शारीरिक सुदृढतेची लक्षणे मानावयाची असतील, तर जाखडीच्या फेरातला तरुण त्यांपैकी कशात कमी पडतो? स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच ठळक आहे. मंगळागौरीच्या खेळांतील फुगडी, झिम्मा, पिंगा हे परिचयपर प्रकरणांत क्वचितच येतात. स्त्रियांच्या शरीराला खेळण्याची जी हक्काची संधी परंपरेने दिली होती, तीच आपल्या क्रीडा-वाङ्मयाने खेळांच्या यादीतून वगळली.

खो-खोच्या परिभाषेकडे पाहिले तरी भाषेची श्रीमंती लक्षात येते. हूल देणे, एकेरी व दुहेरी साखळी, खांब मारणे, सूर मारणे ही सर्व शरीराच्या हालचालीतून जन्मलेली क्रियापदे आहेत. दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कबड्डीत 'लोण' या शब्दाची जागा इंग्रजी 'ऑल आउट'ने घेतली. शब्द बदलला म्हणून खेळ बुडत नाही, हे खरे. पण 'लोण चढले' म्हटल्यावर गावच्या मैदानावर जो हल्लकल्लोळ उठतो, तो त्या शब्दाबरोबरच शिकावा लागतो. क्रीडा-परिचयाचा तास हा भाषेचाही तास आहे.

वेळ : श्रम, व्यायाम आणि पाळी :

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली खेड तालुक्यातील शेरवली येथे, लोट्यापासून फार दूर नसलेल्या गावी झाला. 'आत्मवृत्त' या आपल्या ग्रंथात त्यांनी तरुणपणीचा एक प्रवास सांगितला आहे. सरकारी परीक्षेस बसण्यासाठी वयाच्या सतराव्या वर्षी ते मुरूडहून सह्याद्री ओलांडून भर पावसात शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेले. आणि ते वयाने फार लहान दिसतात, या कारणाने त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. हा प्रसंग सामान्यतः जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. शारीरिक शिक्षणाच्या दृष्टीने त्याचा आणखी एक अर्थ निघतो. शंभर मैल चाललेले शरीर अधिकाऱ्यासमोर उभे होते. अधिकाऱ्याने त्याचे दिसणे तेवढे पाहिले. शरीराने काय केले आहे आणि शरीर कसे दिसते, यांतील हे अंतर आजच्या निरामयतेच्या जाहिरातींतही कायम आहे. पुढे हिंगण्याहून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत पायी ये-जा करणारे कर्वे १०४ वर्षे जगले. त्यांच्या लेखनात 'व्यायाम' शोधू गेल्यास फारसा हाती लागत नाही; चालणे मात्र पानोपानी आहे.

तथापि श्रमाचे असे उदात्तीकरण करून थांबणे योग्य नाही. १९८५ साली कॅस्परसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शारीरिक हालचाल, व्यायाम आणि सुदृढता या तीन संकल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या. प्रत्येक व्यायाम ही हालचाल असते. प्रत्येक हालचाल हा व्यायाम नसतो. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर केलेल्या अभ्यासात बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकाराचा धोका कमी असल्याचे दाखवून दिले, आणि सुदृढतेच्या आधुनिक शास्त्राचा पाया घातला. हे शास्त्र कामगारांच्या शरीरातूनच जन्मले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांनी आवर्जून सांगावयास हवी. परंतु गेल्या काही वर्षांतील संशोधनाने दुसरी बाजूही पुढे आणली आहे. विश्रांतीविना, आपल्या इच्छेविना, दीर्घकाळ एकाच पद्धतीने केलेल्या जड श्रमाचे फायदे फावल्या वेळच्या व्यायामासारखे नसतात. काही बाबतींत ते अपायकारकही ठरतात. ओझे उचलणारा कामगार आणि वजन उचलणारा खेळाडू यांच्या स्नायूंना कदाचित सारखाच ताण पडत असेल. पण कधी थांबावयाचे हे दुसऱ्याच्या हाती आहे, पहिल्याच्या नाही.

येथे वेळेचा प्रश्न उपस्थित होतो. खो-खोच्या परिभाषेत डावाचे भाग 'पाळी' या नावाने ओळखले जातात, आणि एक पाळी नऊ मिनिटांची असते. लोटे परिसरात 'पाळी' म्हटले की प्रथम कारखान्याची पाळी आठवते, आणि ती आठ तासांची असते. ज्या विद्यार्थ्याचे वडील आठवड्याआड रात्रपाळी करतात, किंवा जो स्वतः कंत्राटी काम करून शिकतो, त्याला सकाळी लवकर उठून धावण्याचा सल्ला देणारे पुस्तक त्याच्याशी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. ही मिनिटे आठवड्यातील कोणत्या तासांतून काढावयाची, हा प्रश्न मात्र व्यक्तीवर सोडलेला आहे. मुलींच्या बाबतीत तो अधिक बिकट होतो. महाविद्यालय सुटल्यावर सरावासाठी थांबावे तर शेवटची एसटी चुकते. मैदानाजवळ स्वच्छतागृह नसेल तर महिन्यातील काही दिवस सराव बंदच राहतो. स्त्रियांच्या मासिक पाळीविषयी एक परिच्छेदही नसलेले क्रीडा-परिचयाचे पुस्तक अर्ध्या वर्गासाठी लिहिलेलेच नाही.

वेळेचा हा प्रश्न मराठी समाजाने एकदा वेगळ्या रीतीने सोडविला होता, याचे स्मरण येथे ठेवले पाहिजे. कोकणातून मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या कामगारांच्या चाळींतून, लालबाग-परळच्या गल्ल्यांतून कबड्डीची मंडळे उभी राहिली. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने कामगारांच्या खेळाला आणि कलेला निधीची तरतूद केली. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा त्यातून आल्या. रेल्वे, पोलीस, बँका, मोठे कारखाने यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. आज शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे खेळ हा फावल्या वेळचा छंद नसून जगण्याचा एक मार्ग आहे, हे कोकणी घराला पुस्तकाशिवाय माहीत आहे. परिचयपर लेखनात ही संपूर्ण सामाजिक बाजू अनुपस्थित असते.

दम : श्वासाचा खेळ आणि परिसराची हवा :

मराठी शारीरिक शिक्षणात सहनक्षमतेसाठी 'दमदारपणा' हा सुंदर शब्द रूढ आहे. कबड्डीचा तर प्राणच दम आहे. प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावे, एका श्वासात 'कबड्डी'चा उच्चार चालू ठेवावा आणि श्वास सुटण्यापूर्वी मध्यरेषेवर परतावे. हवा हेच ज्यात खेळाडूचे भांडवल आहे, असा हा खेळ.

आता थोडे शरीरशास्त्र पाहू. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे सहा ते आठ लिटर हवा फुप्फुसांत घेतो. जोरकस व्यायामात हे प्रमाण दहा पटींहून अधिक वाढू शकते, आणि नाकाऐवजी तोंडाने श्वास घेतला जाऊ लागल्याने हवेची नैसर्गिक गाळणीही कमी होते. म्हणून ज्या परिसरात हवा चांगली नाही, तेथे सर्वांत अधिक दूषित हवा ओढून घेणारी व्यक्ती म्हणजे सर्वांत मन लावून सराव करणारा खेळाडू. व्यायाम नेहमीच आरोग्यदायी असतो, हे पाठ्यपुस्तकातील विधान म्हणून अपुरे आहे. कोठे आणि केव्हा, हे त्यात जोडावे लागते.

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत ही प्रामुख्याने रासायनिक उद्योगांची वसाहत आहे. तिने परिसराला रोजगार दिला, रस्ते आणले, तरुणांना मुंबईला न जाता गावाजवळ राहण्याची संधी दिली, हे मान्य केलेच पाहिजे. त्याचबरोबर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने २०११ च्या आपल्या अहवालात येथील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या सदोष कामाची आणि दाभोळ खाडीतील मासेमारीवर झालेल्या परिणामाची नोंद केली, हेही सार्वजनिक दफ्तरात आहे. खाडीतील मासे कमी झाले म्हणजे भोई समाजाचा रोजगार गेला. तसेच त्या घरातील मुलांच्या ताटातील सर्वांत स्वस्त प्रथिनेही गेली. संतुलित आहाराच्या प्रकरणात मासळीचा उल्लेख असतो. ती मासळी कोठून येते, हा प्रश्न पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकावर सोडलेला असतो, आणि ते पुस्तक ताटाविषयी बोलत नाही. दोन विषयांमधल्या या भिंतीत विद्यार्थ्याचे शरीर अडकलेले आहे.

डन यांच्या मूळ कल्पनेत परिसराला जे स्थान होते, ते आपल्या निरामयतेच्या लेखनातून गळून पडले, असे वर म्हटले आहे. त्याचा परिणाम असा होतो की, आजारपण ही व्यक्तीची नैतिक चूक ठरू लागते. विद्यार्थ्याने व्यायाम केला नाही, चुकीचे खाल्ले, उशिरा झोपला म्हणून तो सुदृढ नाही. यातील प्रत्येक कारण काही अंशी खरे असू शकते. तथापि हवा, पाणी, जमीन आणि वेळ यांचा हिशेब न मांडता केवळ सवयींचा हिशेब मागणे, हा अपुरा न्याय होय.

एक आक्षेप आणि काही सूचना :

यावर शारीरिक शिक्षण संचालकांकडून एक रास्त आक्षेप येऊ शकतो. दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम म्हणजे प्रात्यक्षिकाचे साठ तास. त्यात विद्यार्थ्याला धावायला शिकवावयाचे की समाजशास्त्र? मैदानावर आलेल्या मुलाला पुन्हा खुर्चीवर बसवून इतिहास सांगणे, हा शारीरिक शिक्षणाचा पराभव नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. अधिक व्याख्याने हा त्यावरील उपाय नाही. आहेत त्याच तासांचा क्रम आणि रोख बदलणे शक्य आहे.

पहिली सूचना अशी की, विविध खेळांचा परिचय आकृतीपासून सुरू न करता जागेपासून सुरू व्हावा. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील खेळण्याजोग्या जागा पावलांनी मोजाव्यात आणि कोणता खेळ कोठे बसतो याचा तक्ता करावा. यातच चालणे, मोजणे आणि मैदानाची मापे तिन्ही शिकून होतात. दुसरी सूचना, मूल्यमापन ठरावीक कोष्टकाऐवजी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पहिल्या नोंदीशी तुलना करून व्हावे. रात्रपाळी करून आलेला विद्यार्थी आणि वसतिगृहातील विद्यार्थी यांना एकाच काट्यावर तोलू नये. तिसरी, नमन-खेळे, जाखडी, फुगडी, झिम्मा यांचा समावेश क्रीडा आणि सांस्कृतिक अशा दोन्ही विभागांनी मिळून करावा. चौथी, आहार आणि श्वसन ही प्रकरणे पर्यावरणशास्त्राच्या अध्यापकासमवेत घेतली जावीत. सरावाची वेळ ठरविताना वारा, उष्मा आणि हवेची स्थिती यांची नोंद ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लागावी. पाचवी, मुलींच्या सरावाचे वेळापत्रक एसटीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवूनच आखले जावे. यांपैकी एकाही सूचनेसाठी नव्या इमारतीची गरज नाही.

समारोप :

'व्यायाम ज्ञानकोशा'च्या पिढीने शरीराविषयी मराठीत गंभीरपणे लिहिता येते, हे सिद्ध केले. तिच्या मर्यादा तिच्या काळाच्या होत्या. पारतंत्र्यातील समाजाला तिने बलाची भाषा दिली. आपल्या पिढीपुढील काम निराळे आहे. आज विद्यार्थी औपचारिकपणे सर्व खेळांसाठी मोकळा आहे, परंतु त्याची हवा, जागा आणि वेळ तितकी मोकळी नाही. मराठीतील क्रीडा-परिचयपर लेखनाने हे वास्तव नोंदविले नाही, तर श्रेयांक मिळूनही हा विषय गुणपत्रिकेतील एक ओळ एवढाच राहील.

कबड्डीच्या संजीवनी प्रकाराने एक साधे तत्त्व सांगितले आहे. बाद झालेला गडी केवळ स्वतःच्या बळावर परत येत नाही. त्याच्यासाठी मैदानातील कोणीतरी खेळावे लागते. सुदृढतेचा अभ्यासक्रम आखणाऱ्या आणि शिकविणाऱ्या अध्यापकांची भूमिका हीच असावयास हवी. रात्रपाळीहून थेट वर्गात येणारा, मैदान नसलेल्या गावातला, एसटीच्या वेळेवर बांधलेला विद्यार्थी आज खेळाच्या रेषेबाहेर बसलेला आहे. त्याला आत घेईल असा परिचय लिहिणे, हे शारीरिक शिक्षणाइतकेच मराठी भाषेचेही काम आहे.